टकलावरचा जांभळा रंग

आमच्या जुन्या बिल्डिंगीत बाथरूमच्या भिंतीवर काळी बुरशी चढली आणि माझी छकुली खोकायला लागली. माझा तर जीवच थाऱ्यावर राहीना. बरोब्बर वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीसकाका राहतात. त्यांना सांगितलं, तर मलाच म्हणाले, "माझं बाथरूम गळत नाही. तुम्ही कढत पाण्याने आंघोळी करता ना, त्या वाफेची बुरशी आहे ती. खिडकी उघडत जा जरा!"

रंगपंचमीला मी मूठभर जांभळा रंग घेऊन वर गेले. "काका, सणाचा दिवस," म्हणत त्यांच्या टकलावर मस्त चोळला आणि वाकून पायाही पडले. काका खूश! मग बसले बाथरूममध्ये टक्कल घासत.

इकडे माझ्या भिंतीवरून जांभळे ओघळ उतरायला लागले. मी अख्ख्या बिल्डिंगीला बोलावलं. काकाही आले. भिंत बघून म्हणाले, "वाफच आहे ही!"

"हो काका, वाफ माझीच," मी म्हटलं. "पण ती तुमचं टक्कल धुऊन खाली आली कशी, तेवढं सांगा."

काकांनी तिथूनच प्लंबरला फोन लावला. आता भिंत कोरडी आहे, छकुलीही खोकत नाही. काकांचे कान मात्र अजून जांभळेच आहेत.