शिदूचा डबा आणि गोदाक्काचे डोळे

त्या दिवशी ऊन असं कडक होतं की थापलेली शेणी तासाभरात वाळून खडखडीत व्हावी. वारा नाही, ढग नाही. कुत्री रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेली.

अशा त्या उन्हात एका गावात एक भोळा पोहणारा होता. त्याचं नाव शिदू. सांगाल ते तो करायचा. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा. दहावी मात्र पास झाला होता. पुस्तकात आहे तेच पेपरात लिहायचं असतं, ते त्याला जमायचं. आणि पोहण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पाण्यात कुणी काही सांगत नाही. म्हणून पाण्यात तो चुकत नसे.

तर त्या दिवशी बिरनाळे मास्तरांनी त्याला बोलावलं. एक पत्र्याचा डबा त्याच्यापुढं ठेवला. डब्याला वरून फट, बाजूला कुलूप.

"शिदू, तालुक्याला एक संस्था आहे. पोहणाऱ्या पोरांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देते. पण दोन गोष्टी कराव्या लागतात. म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूसाठी गावात फिरून हा डबा भरायचा, आणि मग तलाव पोहून पार करायचा. मिळाली तर कॉलेज. नाही मिळाली तर तुझ्या मामाची वीटभट्टी."

"भट्टी नको मास्तर. लई भाजतं."

"मग डबा धर."

शिदूनं डबा धरला. पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभा राहिला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत डबा धरून उभा. तोंडातून शब्द नाही. लोकांना वाटलं, पोरगं दळणाला आलंय. गिरणीवाल्यानं दोनदा विचारलं, "ज्वारी का गहू?" शिदू गप्प. अंगावर पीठ बसून पांढराफटक झाला आणि घरी आला.

त्याच्या शेजारी गोदाक्का राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस पायांच्या आवाजावरून ओळखायची. शिदूची आई तो लहान असताना गेली, बाप ट्रकवर. म्हणून पोराला शहाणं करायचं काम गोदाक्कानं आपणहून अंगावर घेतलं होतं. दहा वर्षं झाली. काम अजून चालूच होतं.

तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "आरं लेका, गप उभ्या माणसाला कोण देतंय? दारात जावं, उंबऱ्यावर उभं राहावं आणि मोठ्यानं ओरडावं, 'आंधळ्याला डोळे द्या हो!'"

"बरं आक्का."

दुसऱ्या दिवशी शिदू पहिलं दार लागलं तिथं गेला. ते होतं दादू कुंभाराचं. दादूच्या मुलीला बघायला त्या दिवशी पाहुणे आलेले. पोहे झाले होते, चहा यायचा होता. नवरामुलगा मधोमध बसलेला. तोंडावर हसू, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. शिदू उंबऱ्यावर उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"आंधळ्याला डोळे द्या हो!"

मुलाची आई ताडकन उठली. "गावात बोलावून अपमान करता काय? इतकं काही कमी दिसत नाही त्याला! रात्रीचंच काय ते जरा!"

"रात्रीचं काय?" दादूनं विचारलं.

मग रात्रीचं सगळंच बाहेर आलं. पाहुणे गेले. दादूची मुलगी आतून आली, डब्यात शंभराची नोट टाकली आणि पुन्हा आत गेली.

गोदाक्कानं कपाळावर हात मारला. "चार माणसं बसलीत तिथं ओरडतात व्हय? हळूच मागनं जावं. कानाशी तोंड न्यावं. दोनच शब्द बोलावेत."

"बरं आक्का."

तिसऱ्या दिवशी पारावर सरपंच दाढीला बसलेले. त्यांची मिशी म्हणजे गावाची शान. ग्रामसभेत आधी मिशी यायची, मग सरपंच. नाभिक मिशीचं टोक कोरत होता, सरपंचांनी डोळे मिटलेले. शिदू हळूच मागून गेला. कानाशी तोंड नेलं. दोनच शब्द बोलला,

"डोळे द्या."

सरपंच दचकून हातभर उडाले. खाली आले तेव्हा मिशी एकाच बाजूला होती.

ते शिदूला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी दुसरी बाजूही काढावीच लागली. संध्याकाळी सरपंचीणबाई स्वतः आल्या आणि डब्यात दोनशे रुपये घातले. म्हणाल्या, "बावीस वर्षं सांगत होते, काढा म्हणून. त्यांना सांगू नकोस हं."

गोदाक्का म्हणाली, "आरं, गालाला वस्तरा लागलेला असताना जवळ जातात व्हय? लांब थांबावं. ज्याचं काम चाललंय त्याचं काम पुरं होऊ द्यावं. मग पुढं व्हावं."

"बरं आक्का."

चौथ्या दिवशी गोदाक्कानं अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या आणि ती जरा लवंडली. कुठून तरी म्हैस आली. तिनं कुरडयांत तोंड घातलं. शिदू तिथंच होता. तो लांब थांबला. म्हशीचं काम पुरं होऊ दिलं. बाज स्वच्छ झाली, म्हशीनं जिभेनं नाक पुसलं, तेव्हा पुढं झाला आणि डबा तिच्यापुढं धरला. म्हैस चालती झाली.

गोदाक्का उठली. बाजेवर हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"शिदू, कुरडया कुठायत?"

"म्हशीत."

"आणि तू काय करत होतास?"

"थांबलो होतो. तिनं दिलं काहीच नाही."

गोदाक्का रिकाम्या बाजेवर बसली. मग म्हणाली, "लेका, पुढनं कुणी निघालेलं दिसलं की नुसतं बघत राहू नये. धावावं. धरावं. आणि ओढत ओढत जिथनं निघालं तिथं आणून सोडावं."

"बरं आक्का."

एव्हाना शिदूच्या गोष्टी गावभर झाल्या होत्या. लोक मुद्दाम त्याला बोलावून म्हशीची गोष्ट सांगायला लावायचे, हसायचे आणि डब्यात काहीतरी टाकायचे. डबा भरला. आता राहिला तलाव.

तलावावर सहा पोरं होती. संस्थेच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई छत्री घेऊन काठावर बसलेल्या, पाण्यात देखरेखीला नाव. शिट्टी झाली. पाच जणांनी उड्या मारल्या. शिदू सदऱ्याची घडी घालत होता. घडी घालून त्यानं वर बघितलं, तर पाच जण पुढं निघालेले.

शिदूनं सूर मारला. मासळीसारखा गेला. पहिल्याला गाठलं, चड्डीला धरलं आणि ओढत ओढत आणून काठावर सोडलं. परत गेला. दुसऱ्याला आणलं. तिसरा ओरडत होता, चौथा लाथा झाडत होता, शिदू शांत. पाचवा पार पलीकडच्या देवळाच्या पायऱ्यांना हात लावणार, एवढ्यात मागून खेचला गेला. मास्तर काठावरून ओरडून ओरडून खाली बसले.

पाचही पोरं ओळीत उभी केल्यावर शिदू म्हणाला, "मास्तर, कुणाला जाऊ दिलं नाही."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की छत्री पाण्यात गेली. शिदूनं तीही आणून दिली. डोळे पुसत बाई म्हणाल्या, "मास्तर, तलाव तर कुणीच पार केला नाही. पण पाच जणांना ओढत आणताना जेवढं अंतर हा पोहला, तेवढं या पोराशिवाय इथं पोहणार कोण?" शिष्यवृत्त्या दोन होत्या. एक शिदूला दिली. दुसरीसाठी शर्यत दुपारी पुन्हा घेतली, तेव्हा शिदूला देवळात कोंडून ठेवलं होतं.

गोदाक्काला आनंद झाला, पण शहाणपण सांगितल्याशिवाय तिला राहवेना. "पुढं निघालेल्या माणसाला मागं ओढू नये रे. बाजूला व्हावं, हात जोडावेत, 'सुखानं जा' म्हणावं."

"बरं आक्का."

त्या डब्यातून म्हाताऱ्यांची ऑपरेशनं झाली. त्यात गोदाक्काचंही झालं. पट्टी निघाली, आणि दोनच दिवसांनी शिदूचा कॉलेजात जायचा दिवस आला. नाव घालायची शेवटची तारीख. गोदाक्का भाकरी बांधून घेऊन त्याला पोचवायला एसटीच्या थांब्यावर आली. मास्तर ट्रंक आणि शिष्यवृत्तीचं पत्र घेऊन आधी चढले. "ये रे मागून," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

कंडक्टरनं घंटी मारली. एसटी पुढं निघाली.

पुढं निघालेली दिसताच शिदू बाजूला झाला. त्यानं हात जोडले. म्हणाला, "सुखानं जा."

एसटी सुखानं गेली. मास्तर खिडकीतून अर्धे बाहेर आले होते, ते वळणापर्यंत दिसले. कॉलेजला निघालेली ट्रंक, पत्र आणि मास्तर. थांब्यावर राहिला शिदू.

गोदाक्कानं नव्या डोळ्यांनी एसटीची धूळ बघितली. मग हात जोडून उभ्या असलेल्या शिदूला बघितलं. पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश बघितलं. आणि म्हणाली,

"लेका, डोळ्यांसाठी मागितलंस, डोळे मिळाले. आता तोच डबा घे, पुन्हा दारोदार फिर आणि या खेपेला अकलेसाठी माग. आरं... आरं थांब! खरंच कुठं निघालास?"