लंगोट आणि डायपर

कपडे माणसांसारखे बोलत, तेव्हाची गोष्ट. सौमित्र जन्मला, तेव्हा त्याच्या आत्याने आपली जुनी, मऊ झालेली सुती साडी फाडून लंगोट शिवले.

दुकानातून आणलेला डायपर दोरीवरच्या लंगोटाला हसला. "रोज आपटून घेतोस, उन्हात लटकतोस. मला एकदाच वापरतात!"

"मला धुतलं की बाळाची शू निघून जाते," लंगोट म्हणाला. "तू ती कुठे टाकणार?"

"वन्सं, हे रोज कोण धुणार?" म्हणत सौमित्रच्या आईने भरलेल्या डायपरसोबत लंगोटही उकिरड्यावर फेकला. लंगोटाची माती झाली. तिच्यात दुधीचा वेल आला.

सौमित्र मोठा झाला, म्हातारा झाला, गेला. त्याची राखही नदीत विरली.

डायपर अजून उकिरड्यातच आहे, बाळाची शू पोटात धरून. ती परत घ्यायला आता कुणीच उरलेलं नाही.