बोटभर फट

“बोल्ट तर सगळे मापात आवळले हुते, वस्ताद. मग पंप फुटला कसा?”

मिरजेच्या किल्ला भागातल्या आपल्या गॅरेजच्या दारात दस्तगीर वस्ताद एका जुन्या गाडीच्या सीटवर बसले होते. त्यांनी प्रश्न ऐकला आणि बशीतला चहा सावकाश संपवला.

विचारणारा धैर्यशील चौगुले त्यांचाच शिष्य. याच गॅरेजात हात काळे करून शिकला आणि पुढे सांगली रस्त्याला स्वतःचं गॅरेज थाटून बसला. हात चांगला होता. तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

“कुणाची गाडी?”

“आप्पांची.”

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

आप्पा म्हणजे धैर्यशीलचे वडील. उभा जन्म त्यांनी गाडी चालवली. खेड्यापाड्यांतून आजारी माणसं मिरजेच्या दवाखान्यांत आणायची आणि बरी झाली की परत घरी सोडायची. गेल्या वर्षी साखरेपायी त्यांचा डावा पाय काढावा लागला. त्या दिवशी त्यांना दुसऱ्याच्या गाडीतून आणलं होतं, आणि पायापेक्षा तेच त्यांच्या मनाला जास्त लागलं, असं घरचे सांगत.

क्लच दाबायला डावा पाय लागतो. म्हणून धैर्यशीलनं गाडीचं इंजिन उघडून नव्यासारखं बांधलं आणि त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडला. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

“चालू केल्यावर काय झालं?”

“कराकरा वाजलं. गिअर टाकला तर गाडी जागची हलंना. खाली तेलाचं थारोळं.”

“जोडताना गिअरबॉक्स इंजिनाला हातानं भिडला?”

“न्हाई. बोटभर फट राहिली हुती.”

“मग?”

“बोल्ट आवळले. मिटली.”

“मिटली...” वस्ताद म्हणाले.

ते उठले. कोपऱ्यात एक जुना गिअरबॉक्स तोंड वर करून उभा केलेला होता. शेजारी त्याचा कन्व्हर्टर पडला होता. परातीएवढा गोल, जड डबा. इंजिनाचं फिरणं तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवतो तो हाच.

“बसव.”

धैर्यशीलला मनातून रागच आला. पहिल्या वर्षी शिकलेलं काम. पण वस्तादांपुढे बोलायची सोय नव्हती. त्यानं डबा उचलून आतल्या दांड्यावर ठेवला, जरा हलवला. टक असा आवाज झाला.

“बसला.”

“अजून.”

त्यानं थोडा फिरवला, दाबला. पुन्हा टक.

“आता बसला.”

“अजून.”

धैर्यशीलनं दोन्ही तळवे टेकवून अंगाचा सगळा भार टाकला. मानेच्या शिरा फुगल्या. डबा ढिम्म हलेना.

“आत जागाच न्हाई, वस्ताद.”

वस्तादांनी त्याचे दोन्ही हात धरून बाजूला केले. स्वतः चारच बोटं काठाला लावली आणि डबा नुसता फिरवू लागले, रिकामं जातं फिरवावं तसा. जोर नाही, घाई नाही. काहीच होईना. धैर्यशीलनं घड्याळ पाहिलं. वस्ताद फिरवतच होते.

मग डबा गपकन, आपल्याच वजनानं, बोटभर खाली गेला.

धैर्यशीलचा चेहरा उतरला. आप्पांच्या गाडीत डबा तेवढाच आत जायचा राहिला होता. बाहेर दिसलेली फट तीच, आणि ती मिटवायला त्यानं बोल्टांनी सगळं डब्यामागच्या त्या बिचाऱ्या तेलाच्या पंपावर रेटलं होतं.

“एवढंच हुतं व्हय...” तो म्हणाला. मग लगेच सावरला. “ठीक हाय. नवा पंप टाकतो आणि रविवारी आप्पांना परत बसवतो.”

“परत?”

“व्हय. पाडव्याला बसवलं हुतं की. गाडीला हार घातला, सगळी गल्ली जमवली.”

“आप्पा आपले आपण बसले?”

“बसवलं आम्ही. मी आणि शेजारच्या पिरजाद्यांनी काखेत हात घालून उचललं.”

“ते काय म्हणाले?”

धैर्यशील हातातलं फडकं चोळू लागला.

“आज नगं म्हणाले. नकली पायाची जरा सवय होऊ दे म्हणाले. आणि...”

“आणि?”

“पहिल्यांदा एकटाच बसून बघतो म्हणाले. कुणी नसताना.”

“मग?”

“माणसं जमली हुती, वस्ताद...”

फडकं चोळणारा त्याचा हात थांबला. आपलंच वाक्य त्याला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं असावं.

वस्तादांनी घाई केली नाही. बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

“गाडी हलली न्हाई,” धैर्यशील पुढे सांगू लागला. “आप्पा स्टिअरिंग धरून नुसते समोर बघत बसले. गर्दीत कुणीतरी हसलं. वाईट मनानं न्हवं, पण हसलं. मग आप्पा म्हणाले, उतरव मला.”

“रागावले?”

“रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासनं पाय लावत न्हाईत, कपाटावर टाकून दिलाय. गाडी काढून टाक म्हणतात. पुढच्या सोप्यात दाराकडं पाठ करून बसतात, अंगणातली गाडी नजरेला पडू नये म्हणून.”

एवढा मोठा माणूस, पण फडकं तोंडाला लावून उभा राहिला.

“त्यांच्यासाठीच केलं हुतं मी.”

“ठाऊक हाय, पोरा.”

वस्ताद हे समजूत घालायला म्हणाले नाहीत. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आप्पा त्यांचे तरुणपणापासूनचे दोस्त. याच दारात बसून दोघांनी कितीदा चहा घेतला होता, आणि पाडव्यानंतर आप्पा इकडे फिरकले नव्हते.

धैर्यशीलनं फडक्यानं डोळे पुसले.

“पंप बदलतो,” शेवटी धैर्यशील म्हणाला. “ह्या वेळी डबा नीट आत घेतो, बोल्टानं ओढत न्हाई. ते कळलं. पण आप्पांना गाडीत बसवू कसं, तेवढं सांगा.”

“किल्ली कुठं हाय?”

“माझ्या खिशात.”

“आप्पांची टोपी कुठं असती?”

“सोप्यात. खुंटीला.”

“गाडी झाली की किल्ली तिथं अडकव. आणि तू तुझ्या कामाला जा.”

“त्यांना सांगू काय?”

“काय न्हाई.”

धैर्यशीलनं खिशातून किल्ली काढली. तळहातावर धरून तो तिच्याकडे पाहत राहिला. निघायला म्हणून दारापर्यंत गेला आणि तिथूनच, मागे न वळता, त्यानं विचारलं.

“आणि त्यांनी घेतलीच न्हाई तर?”

वस्ताद खाली बसले. रिकामी बशी उचलली, पुन्हा ठेवली...

“तर राहील खुंटीला.”