चिंचोक्यांच्या दोन ओळी

“आणि ओळ पसरल्यावर मुलं काय म्हणाली?”

“लांब ओळीत चिंचोके जास्त आहेत म्हणाली, बाई. जवळपास सगळी.”

प्रा. शरयू दातार प्रबंधाचं पान वाचत राहिल्या. लहान मूल विचार कसा करतं, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय. त्या या विषयाकडे वळल्या तेव्हा विद्यापीठात त्याला नावही नव्हतं. मानसशास्त्र विभागाने त्यांना जिन्याखालची खोली दिली. पुढे मान मिळाला, प्रयोगशाळा मिळाली, पण बाईंनी ती खोली काही सोडली नाही. त्यांचे निबंध मोजके होते, विद्यार्थी त्याहून मोजके. बाईंकडची पीएचडी म्हणजे जन्मठेप, असं विभागात म्हणत.

अभिराम केळुसकर हा त्यातला शेवटचा कैदी. बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. बंगळूरच्या एका संस्थेने अभिरामला नोकरी देऊ केली होती. अट एवढीच, की याच महिन्यात प्रबंध सादर व्हायला हवा. उरली होती ती बाईंची सही. पेन त्याने टोपण काढूनच टेबलावर ठेवलं होतं.

प्रयोग साधा होता. बालवाडीतल्या मुलासमोर चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या आणि विचारायचं, कुठे जास्त आहेत? मूल म्हणतं, सारखेच. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरून लांब करायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आता मूल लांब ओळीकडे बोट दाखवतं. यावरून अभिरामने निष्कर्ष काढला होता, की या वयात संख्या कळतच नाही. बालवाडीतून अंकओळख काढून टाकावी, अशी शिफारसही त्याने शेवटच्या प्रकरणात केली होती.

बाईंनी प्रबंध मिटला.

“या मुलांना संख्या कळते?”

“नाही कळत.”

“खात्री आहे?”

“पूर्ण. आकडे समोर आहेत, बाई.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने सावकाश पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्याच्याकडे पाहिलं.

“या मुलांना संख्या कळते?”

अभिराम खुर्चीत सरसावून बसला.

“म्हणजे… अगदीच कळत नाही असं नाही. काहींना थोडीफार कळत असेल. निष्कर्षात ‘बहुधा’ घालता येईल.”

“मघाशी पूर्ण खात्री होती.”

“होती.”

“मधल्या वेळात नवा पुरावा हाती आला?”

“नाही, बाई. तुम्ही चष्मा पुसलात, तेवढंच.”

“मग उत्तर का बदललंस?”

“तुम्ही तेच पुन्हा विचारलंत. तुमच्यासारख्या माणसाने पुन्हा विचारलं, म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार, असं…”

वाक्य तिथेच थांबलं.

त्याला एक मुलगी आठवली. तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिने चिंचोक्यांकडे पाहिलंच नव्हतं; बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली होती आणि मग बोट उचललं होतं. त्याने शेरा मारला होता : लक्ष विचलित.

…

प्रयोग पुन्हा करायचा म्हणजे बंगळूरवर पाणी सोडायचं. हिशेब करायला त्याला फार वेळ लागला नाही.

“सहमार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखांची सहीही चालते, बाई,” तो हळूच म्हणाला.

“चालते.”

बाईंनी प्रबंध त्याच्या बाजूला सरकवला. पेनाला हात लावला नाही.

जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरून गेलं.

अभिरामने पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

“पुन्हा बालवाडीत जायचं, तर मुलांना विचारायचं कसं?”

“एकदा.”