गुडघ्याला बोलायची बंदी

म्हाताऱ्या नोकरांच्या कुरकुरीला राजा कंटाळला होता. कुणाची कंबर धरलेली, कुणाला झोप नाही! त्याने फर्मानच काढलं, "राजवाड्यात दुखण्याचं नाव काढेल त्याची नोकरी गेली."

पुढे राजकन्येचं लग्न आलं. ज्योतिषीबुवांनी आभाळ स्वच्छ राहील असं छातीठोक सांगितलं, म्हणून पंगती उघड्या मैदानात मांडल्या. ऐन जेवणात अवकाळी पाऊस कोसळला.

"एवढ्या माणसांत एकालाही कळलं नाही?" राजा गरजला.

"माझ्या गुडघ्याला परवाच कळलं होतं, महाराज," म्हातारी स्वयंपाकीण तुळसाक्का म्हणाली. "पाऊस यायचा असला की तो ठणकतोच. पण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती ना!"

राजा खजील झाला. आता रोज सकाळी तो स्वतःच विचारतो, "आक्का, गुडघा काय म्हणतो?" आणि आक्का गुडघ्यापासून दाढेपर्यंत सगळं सांगितल्याशिवाय त्याला सोडत नाही.