तांब्याच्या वाट्यांतली आंबील

फार पूर्वी वेणा नदीच्या काठी एका नगरीत पुण्यबल नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्याच नगरीत बोधिसत्त्वाने एका कासाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचं नाव सोणक. बायको वासुली, आणि पिंगी नावाची एक लहान पोर. राजाचं नाव पुण्यबल असलं तरी त्याचं पुण्य पावसाला काही पुरलं नाही. नदीची वाळू झाली. लोक चिंचेचा पाला उकडून खाऊ लागले आणि तोही संपत आला.

राजाने तळं खणायला घेतलं. पाणी लागलं नाही, लागली ती थडगी. मोठाल्या धोंड्यांची वर्तुळं, त्यांच्या पोटात कुणा जुन्या माणसांची हाडं, आणि उशाशी वाट्या. काही दगडाच्या होत्या, जाड बुडाच्या. काही तांब्याच्या होत्या, झाकणावर चिमुकला पक्षी बसवलेल्या, पण शेवाळासारख्या हिरव्या पडलेल्या. दगडाच्या वाट्या मजुरांनी मातीच्या ढिगावर फेकल्या आणि तांब्याच्या राजवाड्यात नेल्या.

राजाला वाटलं, आपण वाडवडिलांना विसरलो म्हणून ही वेळ आली. त्या नगरीची रीत अशी की पितरांचा नैवेद्य रात्रभर झाकून ठेवायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी पोरांनी खायचा. नको म्हणायची सोय नाही, म्हटलं की पितर रुसलेच. तेव्हा कोठारात उरलासुरला राळा होता त्याची आंबील करायची आणि ती पितरांच्याच वाट्यांत ठेवायची, असं ठरलं. घासायला वाट्या सोणकाकडे आल्या.

त्याने राखेने घासघासून त्या लख्ख केल्या. पण कल्हई करायला कथील कुठून आणणार? व्यापाऱ्यांचे तांडे यायचे कधीच बंद झाले होते. बिनकल्हईच्या तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, त्याचं विष होतं, हे नगरीतल्या कुठल्याही सासुरवाशिणीला ठाऊक होतं. मग कुणी बोललं कसं नाही? अहो, पोटात आग पडली की माणूस ठाऊक असलेलंही विसरतं!

सोणक राजाकडे गेला. "महाराज, ढिगावरच्या दगडी वाट्या घ्या. दगडात आंबील बिघडत नाही."

"पितरांना धोंड्यात वाढू?" राजा म्हणाला. तोही वाळून काटकी झाला होता. "कासारा, त्यांचंच रक्त आपल्या अंगात आहे. ते आपल्या लेकरांना विष घालतील होय?"

"पितर नाही घालणार, महाराज. तांबं घालेल."

"पुरे. आता हेच एक उरलंय माझ्याकडे. तेही अभद्र बोलून नासू नकोस."

सोणक घरी आला. दारोदार जाऊन त्याने सांगून पाहिलं, तर लोक त्याच्याच अंगावर आले. वासुली उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "अहो, आता गप्प बसा. आपण आपल्या पिंगीला घरात कोंडून ठेवू. जगाचा मक्ता तुम्ही घेतलाय का?"

"त्या वाट्या मी घासल्यात, वासुले," तो म्हणाला. "चकाकी बघून पोरं धावत सुटतील."

वासुलीला राग आला. भुकेल्या माणसाला नवऱ्याचा चांगुलपणा सोसत नाही, आणि तिला तर तो लग्न झाल्यापासून सोसावा लागत होता.

सकाळी तळ्याच्या कोरड्या खड्ड्याशी सगळी नगरी जमली. पिंगीला घरात कोंडून वासुली आली, नवरा काही वेडंवाकडं करील या धास्तीने. उन्हात वाट्या सोन्यासारख्या झळकत होत्या. पोरं पुढे बसवली होती, हाडांचे सापळे नुसते, पण डोळे त्या वाट्यांवर. राजाने हात जोडले, झाकणं निघाली, आणि तेवढ्यात सोणक ओळ मोडून पुढे धावला. त्याने एक वाटी उचलली आणि घटाघटा पिऊन टाकली. मग दुसरी. मग तिसरी.

"मेल्या, पोरांच्या तोंडचा घास काढतोस?" शेजारीण किंचाळली आणि तिने पहिला दगड मारला. मग काय विचारता! ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं. वासुली मधे पडायला गेली, तर तिलाही ढकलून दिलं. सोणक मार खात होता आणि चौथी वाटी तोंडाला लावत होता. त्याने ना हात उगारला, ना कुणाला शिवी दिली.

आणि मग तो वाकला. त्याला उलटी झाली ती हिरवीगार. पुन्हा झाली. पोट धरून तो मातीत लोळू लागला, तशी मारणारी माणसं मागे सरली. आयांनी आपापली पोरं ओढून घेतली. राजाने एका वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. मग त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या वाट्या खड्ड्यात उपड्या केल्या. पोरं मोठमोठ्याने रडू लागली, कारण त्यांना एवढंच दिसलं की जेवण सांडलं.

सोणकाने वासुलीच्या मांडीवर प्राण सोडला. राजा तिच्यापुढे खाली बसला आणि म्हणाला, "बाई, माझी चूक झाली. तू मागशील ते देईन. माग."

वासुली म्हणाली, "माझ्या पिंगीला वाटीभर आंबील द्या, महाराज. ती घरात भुकेली आहे."

राजाकडे आंबील नव्हती.

भिक्षुसंघाला ही कथा सांगून शास्ता, म्हणजे स्वतः भगवान, म्हणाले, "तेव्हाचा पुण्यबल राजा म्हणजे आजचा भिक्षू सुवर्धन. पहिला दगड मारणारी शेजारीण म्हणजे ही उपासिका गोमा. वासुली म्हणजे भिक्षुणी धवला. आणि तो कासार मीच होतो."

धवला खाली मान घालून बसली होती. तिने विचारलं, "भगवन्, आणि पिंगी? तिला खायला मिळालं का?"

"नाही मिळालं," शास्ता म्हणाले. "पाऊसही आला नाही." मग म्हणाले, "भिक्षूंनो, त्या दिवशी मी पोरांना भुकेपासून वाचवू शकलो नाही, फक्त विषापासून वाचवलं. जेवढं हातात होतं तेवढं केलं. हीच करुणा."