मासोळीची साक्ष

"आली का रे?" काठावरून उरकुडाबाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

हेमचंद गुडघाभर पाण्यात उभा होता. सकाळपासून बाबांनी हे चौथ्यांदा विचारलं होतं.

खैरीच्या तलावाकाठच्या त्या मठात शिष्य करून घ्यायची रीत साधी. उमेदवारानं तलावात उभं राहायचं. मासोळीनं येऊन पायाला तोंड लावलं, की तलावानं त्याला आपला म्हटलं. मग बाबा कानात मंत्र सांगत. दुपारपर्यंत ती आली नाही, तर पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबायचं. आजवर मात्र कुणाला घटकाभरही थांबावं लागलं नव्हतं.

हेमचंद रसायनशास्त्राचा पदवीधर होता आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. पावसानं लालभडक झालेला तलाव पाहून त्याचं मन विटलं. असल्या राडीत दीक्षा घ्यायची? महिनाभर खपून त्यानं घाटाभोवती मुरमाच्या पोत्यांचा बांध घातला. शेवाळ खरवडलं, वेली उपटल्या, तुरटी फिरवली आणि वरून पोतंभर ब्लीचिंग पावडर ओतली.

आता पाण्यात त्याच्या पायाची नखंसुद्धा दिसत होती. कातडी चुरचुरत होती, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"इतकं स्वच्छ पाणी आहे, बाबा. मासोळीला माझे पाय दिसत कसे नाहीत?"

"पाहाले ती असावं लागते ना, बापू..."

ऊन चढत होतं. तीन वर्षं मठाची सेवा केली आणि तलावानंच नाकारलं, तर तोंड कुणाला दाखवायचं?

बांधापलीकडे कौतिका ढिवरीण कमरेइतक्या लाल पाण्यात जाळं धूत होती. "काहून जी, तिथं सोवळ्यात उभे आहा?" तिनं हाक दिली. "इकडं मासोऱ्या पिंडऱ्या सोडून नाही रायल्या."

"ते पाणी घाण आहे," हेमचंद म्हणाला.

"लाल कायनं झालं?" बाबांनी विचारलं.

"डोंगरावरची माती वाहून येते. दर पावसाळ्यात येते."

"मंग?"

"दिवाळीपर्यंत खाली बसते."

"कोन बसवते?"

"कुणी नाही. आपली आपण बसते."

"अन् मठाच्या मोरीतला साबण? तो कधी बसते?"

मोरीचं तोंड हेमचंदनंच बांध घालताना बांधापलीकडे वळवलं होतं. आपला घाट तेवढा चांगला राहावा म्हणून.

"तो बसत नाही, बाबा." त्याचा आवाज खाली गेला.

बाबा उठले, काठी ठेवली आणि ऐंशीच्या वयात धोतरासकट लाल पाण्यात उतरून त्यांनी झकास बुडी मारली. वर आले ते मिशीला चिखल लावून, खदखदा हसत.

हेमचंद पाहत राहिला. मग घाटाबाहेर आला, पण लाल पाण्याकडे गेला नाही. कुदळ घेऊन मठामागे गेला आणि मोरीचं पाणी केळीच्या आळ्यांकडे काढून दिलं. चांगला तासभर लागला. सूर्य डोक्यावर यायला थोडाच अवकाश असताना तो धावत आला आणि अजून डुंबत असलेल्या बाबांशेजारी लाल पाण्यात उतरला.

पाय दिसेनात. तळ लागला तो मऊ, बोटांमधून वर येणारा. त्याला क्षणभर शिसारी आली.

आणि अंगठ्याला कुणीतरी चिमटा काढला.

हेमचंद दचकला. दुसरा चिमटा घोट्याला, तिसरा टाचेला. मग तर नुसती झुंबडच. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण हसू काही आवरेना. मोठ्यानं, पोट धरून, दीक्षेच्या उमेदवाराला अजिबात न शोभेल असा तो हसत सुटला. कौतिकाच्या हातातलं जाळं हसता हसता पाण्यात पडलं.

बाबांनी त्याचा कान धरून जवळ ओढला आणि मंत्र सांगितला.

हेमचंदनं डोळे पुसले. त्याला इतका आनंद झाला होता, की आता लगेच काहीतरी करायला हवं होतं.

"बाबा, घाटातल्या त्या पाण्याचं काय करू? सांगा, आजच करतो."

बाबा धोतराचा सोगा पिळत होते.

"काही करू नको, बापू. मळू दे त्याले जरा."